पिंजरा हीसुद्धा शिकारच आहे: बिबट्याला मारावे की पकडावे या प्रश्नाचे उत्तर

शिरूर तालुक्याच्या ऊसपट्ट्यातील एका ग्रामपंचायत सदस्याने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याला गोळी घालणे नैतिकदृष्ट्या चूक आहे का? चूक नसेल, तर बाकीच्या बिबट्यांची संख्याही शिकारीने कमी करायला काय हरकत आहे? आणि येत्या ग्रामसभेत ‘बिबटे ठार करा, नाहीतर सगळे पकडून घेऊन जा’ असा ठराव येणार आहे, त्याला पाठिंबा द्यावा का? मी वनखात्यात 31 वर्षे नोकरी केली आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे अशाच ऊसपट्ट्यात काढली, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आडपडदा न ठेवता देतो. नाही, चूक नाही. एखादे विशिष्ट जनावर पुन्हापुन्हा माणसे मारत असेल, ते तेच आहे याची खात्री करण्याचे सर्व प्रयत्न झाले असतील आणि ते पकडता येत नसेल, तर त्याला गोळी घालणे हे खेदाचे पण योग्य काम आहे. असे काम करणाऱ्या माणसाला खुनी म्हणणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही. माझी अडचण वेगळीच आहे. आपण सगळी नैतिक चर्चा बंदुकीभोवती करतो आणि पिंजऱ्याला मात्र दयेचे साधन समजतो. बंदूक क्वचितच निघते; पिंजरे दर हंगामात लागतात. त्यामुळे चुकीचे निर्णय बंदुकीपेक्षा पिंजऱ्याने कितीतरी जास्त झाले आहेत आणि त्यातले काही मी स्वतः केले आहेत.

कायद्यानेही हा फरक मानलेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात ठार मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे या सगळ्याचा समावेश आहे. बिबट्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कलम 11 नुसार अशा प्राण्याच्या शिकारीची परवानगी केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही तो प्राणी मानवी जिवाला धोकादायक झाला आहे किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी आहे याची खात्री पटल्यावर आणि लेखी कारणे नोंदवून. त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. याच कलमातील आणखी एक अट फारशी कोणी वाचत नाही: पकडलेल्या प्राण्याचे निसर्गात पुनर्वसन होऊच शकत नाही अशी खात्री झाल्याशिवाय आणि त्याची कारणे लिहून ठेवल्याशिवाय त्याला बंदिवासात ठेवता येत नाही. म्हणजे गोळीसाठी जसे कारण लागते, तसेच आयुष्यभराच्या कोंडवाड्यासाठीही लागते. प्रत्यक्षात काय होते, हे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात एकदा चक्कर मारली की समजते. तेथील माणसे जिवापाड काळजी घेतात, याबद्दल वाद नाही. पण आत असलेल्या प्रत्येक बिबट्याने माणूस मारला होता, असे कोणी म्हणू शकणार नाही.

पिंजऱ्यातील बिबट्या आपण जवळून पाहिला आहे का? पिंजऱ्याचे दोन कप्पे असतात. मागच्या कप्प्यात शेळी बांधतात, पुढच्यात खाली दाबाची फळी असते, वरून उसाची पाने टाकून सगळे झाकतात आणि वाट पाहतात. फळीवर पाय पडला की दार खाली येते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावाबाहेर एका वृद्धेवर हल्ला झाला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही पिंजरा लावला. तो घटनास्थळापासून जवळजवळ दोन किलोमीटरवर लावला, कारण तेथपर्यंत गाडीला रस्ता होता आणि तेथील लोकांचा आग्रह मोठा होता. पाचव्या दिवशी पहाटे फोन आला. मी पोहोचलो तेव्हा आतल्या नराने गजांवर डोके आपटून कपाळाची कातडी सोलून घेतली होती आणि डावा सुळा मुळाशी तुटला होता. शेळी मागच्या कप्प्यात उभी राहून पाला खात होती. पशुवैद्यकाने दात पाहून वय दीड-दोन वर्षे सांगितले, म्हणजे नुकतेच आईपासून सुटलेले पोर. मृतदेहावरच्या सुळ्यांच्या खुणा त्याच्यापेक्षा मोठ्या जनावराच्या वाटत होत्या, असे शवविच्छेदन करणारे डॉक्टर मला आधीच म्हणाले होते. तरीही त्याला ‘हल्लेखोर’ म्हणून नोंदवले गेले, गावाने फटाके वाजवले आणि दोन रात्रींनंतर मी त्याला पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या घाटात सोडून आलो. कागदावर माझी सही आहे. दोन महिन्यांनी त्या घाटाच्या पायथ्याच्या वाडीत एक मुलगा जखमी झाला. तो हाच होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण आम्ही त्याच्या अंगात ओळखीची साधी चिपसुद्धा बसवली नव्हती.

ही काही माझ्या एकट्याची कथा नव्हती. जुन्नर परिसरात 2001 पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा सुरू झाला. जीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्या काळाच्या नोंदी तपासल्या. पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. स्थलांतराचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ते वर्षाला सतरापर्यंत गेले आणि त्यांतील जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. यामागची कारणे समजायला अवघड नाहीत. अनोळखी मुलखात टाकलेल्या जनावराला पाणी कोठे, कुत्री कोठे, माणसे कोणत्या वेळी कोठून जातात, यातले काहीच माहीत नसते. ते पकडताना आणि वाहून नेताना जखमी आणि भेदरलेले असते. शिवाय त्याचा घराकडे ओढा असतो. अत्रेय यांच्याच प्रकल्पातील ‘आजोबा’ नावाचा नर 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडला होता. गळ्यात माग काढणारी कॉलर बसवून त्याला माळशेज घाटात सोडले, तर तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोहोचला. एवढ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. 2011 मध्ये तो महामार्गावर गाडीखाली मेला.

आणि ज्या जागेतून बिबट्या उचलला ती जागा रिकामी राहत नाही. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, जिरायती रानात ऊस उभा राहिला आणि बिबट्याला वर्षातले आठ-दहा महिने दाट, थंड, पाण्याजवळचा आडोसा मिळाला. त्याच्या पोटाची सोय गावाने केली. जुन्नरशेजारच्या अकोले तालुक्यात, जेथे दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे राहतात, तेथे कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आधारे दर 100 चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले होते. त्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात आहाराच्या वजनापैकी 87 टक्के पाळीव प्राणी निघाले आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. एवढी माणसे आणि एवढे बिबटे शेजारी राहत असूनही त्या अभ्यासाच्या काळात तेथे माणसांवर जीवघेणे हल्ले होत नव्हते. बिबट्यांची संख्या आणि माणसाला असलेला धोका या दोन गोष्टी सरळ प्रमाणात चालत नाहीत, हे मला त्या आकड्यांनी शिकवले; तोवर मीही ‘संख्या फार झाली’ असे प्रत्येक पत्रकाराला सांगत असे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच येते. संख्या कमी करण्यासाठी शिकार हा प्रयोग या देशाने करून पाहिला आहे. इंग्रजी अमदानीत हिंस्र प्राण्यांना मारल्याबद्दल बक्षिसे दिली जात. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत 80 हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारल्याच्या नोंदी आहेत. वाघ आणि लांडगा त्यात जवळजवळ संपत आले. बिबट्या टिकला, कारण तो कुत्र्यावर जगतो आणि ओढ्याच्या काठी लपतो. बक्षिसाची शिकार जो सहज सापडतो त्यालाच गाठते, आणि माणसाकडे दुर्लक्ष करणारे जनावरच बहुधा सहज सापडते. धोका असलेले जनावर निवडण्याची यंत्रणा तिच्यात नसते. हौसेच्या शिकारीला तर येथे जागाच नाही. काही जण परदेशांतील परवाना-शिकारीचा दाखला देतात. तेथे मोठी, सलग, राखलेली राने असतात. आपल्याकडे बंदुकीच्या टप्प्यात बिबट्याच्या मागे कोणाची तरी वस्ती, कोणाचा तरी गोठा असतो.

अनुसूची बदलण्याची मागणीही याच नजरेने पाहावी. बिबट्याला अनुसूची एकमधून दोनमध्ये टाकावे, असा आग्रह राज्यात अलीकडे जोर धरून आहे. त्याने नेमके काय बदलेल, हे ग्रामसभेत कोणी सांगत नाही. अनुसूची दोनमधील प्राण्याला मालमत्तेच्या, म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या आणि उभ्या पिकाच्या नुकसानीच्या कारणावरूनही मारता येते, आणि परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांखालच्या अधिकृत अधिकाऱ्यापर्यंत येतो. ज्या अधिकाऱ्याच्या दारात दोनशे माणसांचा जमाव उभा आहे, त्याच्या हातात हा निर्णय द्यावा का? मी त्या दारात उभा राहिलो आहे. माझ्या हातात तो अधिकार नव्हता याबद्दल मी आजही समाधानी आहे.

मग गोळी केव्हा? सर्वांत कठीण काम गोळी चालवणे नसून ‘तोच’ हे ठरवणे असते. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, डाव्या आणि उजव्या बाजूचीही वेगळी. म्हणून घटनास्थळाभोवती लगेच कॅमेरा ट्रॅप लावले, तर कोणकोण फिरते हे दोन-चार रात्रींत कळते. जखमेवरील लाळेचा नमुना घेतला, तर डीएनएवरून जनावर ओळखता येते; पण तो नमुना मृतदेह धुण्याच्या आधी घ्यावा लागतो. ज्या बापाच्या मांडीवर लेकरू आहे, त्याला ‘जरा थांबा, कापूस लावून नमुना घ्यायचा आहे’ असे सांगणे हे माझ्या नोकरीतील सर्वांत अवघड वाक्य होते. ते सांगितले नाही, तर पुढचे सगळे अंधारात चालते. 

2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात टी-1 वाघिणीच्या, म्हणजे ‘अवनी’च्या प्रकरणात हे सगळे देशाने पाहिले. पांढरकवडा-राळेगाव भागातील 13 मृत्यू तिच्याशी जोडले गेले होते, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने वन विभागाच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्रीच्या वेळी तिला गोळी घातली गेली. तिला मारण्याचा मूळ निर्णय माझ्या मते टिकणारा होता. मात्र ते ज्या पद्धतीने झाले, म्हणजे रात्री, खासगी शिकाऱ्याच्या हातून, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का याविषयी प्रश्न मागे ठेवून आणि पाठीमागे दहा-अकरा महिन्यांचे दोन बछडे सोडून, त्यामुळे योग्य निर्णयही संशयास्पद झाला. जीव घेण्याचा निर्णय बरोबर असला, तरी तो अमलात आणण्याची रीत हा स्वतंत्र नैतिक प्रश्न आहे, एवढे त्या प्रकरणाने मला पटवले.

आपल्याच तालुक्यातील 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची घटना आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसे गेली, त्यांत दोन मुले होती. लोकांनी महामार्ग अडवला, वन विभागाचे वाहन जाळले आणि त्यानंतर एक बिबट्या गोळीने मारला गेला. एवढ्या कमी काळात, एवढ्या छोट्या परिसरात झालेले मृत्यू एकाच जनावराकडे बोट दाखवतात, म्हणून तेथे ठार मारण्याच्या आदेशाला नैतिक आधार होता. मला त्रास होतो तो जाळपोळ आणि आदेश यांच्या क्रमाचा. आदेश पहिल्या मृत्यूनंतरच्या तपासातून निघाला, तर ते व्यवस्थापन असते. तो जळालेल्या गाडीतून निघाला असे लोकांना वाटले, तर पुढच्या गावाला गाडी जाळण्याचा रस्ता दिसतो.

डार्टबद्दल, म्हणजे बंदुकीने मारायच्या बेशुद्धीच्या सुईबद्दल दोन शब्द, कारण ‘बेशुद्ध का केले नाही’ हे शहरातून हमखास विचारले जाते. औषध भरलेला डार्ट पंचवीस-तीस मीटरच्या टप्प्यात, मांडीच्या स्नायूत बसावा लागतो. त्यानंतर जनावर खाली बसायला पाच ते पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ते वीस एकरांच्या उसात शिरते. रात्री, काठ्या घेतलेल्या जमावासमोर, डार्ट लागलेल्या बिबट्याच्या मागे फडात शिरणाऱ्या वनरक्षकाच्या जिवाचे मोल या हिशोबात कोणीच धरत नाही. तोही कोणाचा तरी बाप असतो.

मादी बिबट्यांच्या गर्भधारणा-नियंत्रणाचा प्रस्ताव जुन्नरसाठी पुढे आला आहे. मर्यादित, नोंदी ठेवून केलेला प्रयोग म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. मात्र त्याने उद्याचा हल्ला थांबणार नाही, हे लोकांना आधी सांगायला हवे. 

आता ज्या भागाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तो. हल्ले कोणावर होतात ते पाहा. अंगणात खेळणारे मूल. शौचाला बसलेला माणूस. वाकून घास कापणारी बाई. उसाच्या पाचटाच्या कोपीत, दाराशिवाय, जमिनीवर झोपलेले ऊसतोड कामगाराचे लेकरू. रानात वाडा टाकून उघड्यावर निजलेला मेंढपाळ. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याच्या नजरेला माणसासारखा दिसत नाही. त्याची उंची कुत्र्या-शेळीइतकी होते. बंगल्यात राहणाऱ्या बागायतदारावर हल्ला झाल्याचे मी माझ्या काळात पाहिले नाही. बिबट्यासोबत जगण्याची किंमत गावात सारखी वाटली जात नाही, आणि ‘सहजीवन’ हा शब्द उच्चारणाऱ्या शहरी माणसावर तर ती पडतच नाही. मृत्यूनंतर मिळणारी 25 लाखांची मदत आवश्यक आहे, पण ती नंतरची आहे.

आधीचे काय? शेतीपंपाला थ्री-फेज वीज रात्री येते, म्हणून शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन बारे द्यायला उसात उतरतो. त्याच्या बाबतीत तेथे काही विपरीत घडले, तर आपण बिबट्याचा पंचनामा करतो. विजेच्या वेळापत्रकाचा कधी केल्याचे मला आठवत नाही. ज्या पट्ट्यात बिबट्या आहे तेथे दिवसा वीज देणे शक्य असूनही न देता आधी बंदूक मागणे, हे माझ्या दृष्टीने नैतिक क्रम उलटा लावणे आहे. तीच गोष्ट कोप्यांची. कारखान्याचा हंगाम सुरू होण्याआधी टोळीला जाळीचे कुंपण, सौरदिवा आणि आडोशाची शौचालये पुरवायला जो खर्च येतो, तो एका पिंजऱ्याच्या मोहिमेच्या मानाने किरकोळ आहे. 

ऊसतोडीतच बछडे सापडतात. तेव्हा लोक फोटोसाठी उचलतात, दुधाची बाटली लावतात आणि रात्री आई पिसाळून वस्तीभोवती फिरते. बछडे त्याच बांधावर क्रेटमध्ये ठेवून, माणसे दूर करून, कॅमेरा लावून वाट पाहिली, तर बहुतेक वेळा मादी अंधार पडल्यावर येऊन एकेकाला तोंडात धरून नेते. मी हे कितीतरी वेळा पाहिले आहे. मादी क्रेटभोवती दोन चकरा मारते, कडेला पंजा लावून तो आडवा करते आणि मानगूट धरून निघून जाते. सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांचा असतो. ती मादी त्या फडात राहते आणि पुढे काही करत नाही, हेही पाहिले आहे.

वाघोबाचा, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या देवाचा उल्लेख अशा चर्चेत हमखास येतो. अकोले तालुक्यातील महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत वाघोबाची ठाणी आहेत, वाघबारशीला नैवेद्य होतो, हे खरे आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण तो करार त्या लोकांनी स्वतः, स्वतःच्या गुरांची किंमत मोजून केलेला आहे. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्या कालव्यामागून आला. तेथील माणसाला ‘आपली संस्कृती सहनशील आहे’ असे ऐकवून गप्प बसवणे मला प्रामाणिक वाटत नाही.

तेव्हा आपल्या ठरावाबद्दल. ‘सर्व बिबटे पकडून न्या’ या वाक्याला पाठिंबा देऊ नका, कारण ते घडल्यास वर्षभरात दुसरे, मुलूख न ओळखणारे तरुण नर त्या जागी येतील आणि आपण पुन्हा याच सभेत बसाल. त्याऐवजी ठरावाचा मसुदा आपणच लिहून न्या. हल्ला झाल्यावर 24 तासांत कॅमेरे लागावेत, लाळेचा नमुना घेतला जावा आणि तपासात काय निघाले ते गावाला लेखी कळवावे, असे त्यात मागा. पिंजऱ्यात आलेले प्रत्येक जनावर संशयित जनावराशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय ते हलवू नये, आणि जुळत नसेल तर 2011 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते जवळपासच सोडावे, असेही लिहा. या कलमाला सभेत विरोध होईल, आरडाओरडाही होईल, त्याची तयारी ठेवा. एकाच परिसरात पुन्हा मृत्यू झाला आणि जनावर ओळखले गेले, तर ठार मारण्याच्या परवानगीचा प्रस्ताव विलंब न करता मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जावा, हे स्पष्ट शब्दांत मागायला संकोच करू नका. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्या क्रमांकावर, दिवसा थ्री-फेज वीज घाला. त्या एका कलमावर वन विभाग सही करू शकत नाही, म्हणून ठरावाची एक प्रत वीज वितरणच्या उपविभागीय कार्यालयात पोच घेऊन द्या आणि ती पोच सांभाळून ठेवा.